फेब्रुवारीचे तीनशे रुपये

महापे औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात पगारपत्रकाचे काम माझ्याकडे असते. फेब्रुवारीचा पगार जमा झाला की कोणी ना कोणी माझ्या टेबलाशी येतोच, आणि तक्रार ठरलेली असते: या महिन्यात शंभर रुपये जास्त कापले गेले. यंदा आलेला मुलगा नवा होता. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावरून थेट उठून आल्यामुळे त्याच्या हातांना यंत्र थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो गोडसर, तेलकट वास होता, आणि मोबाइलच्या काचेला डाग लागू नये म्हणून त्याने तो दोन बोटांच्या टोकांत धरला होता. मी नेहमीचे उत्तर दिले. व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार असतो, तो अकरा महिने दोनशेप्रमाणे आणि फेब्रुवारीत तीनशे असा कापला जातो. त्याने मनातल्या मनात हिशोब केला, तो जुळला, मान हलवली आणि निघाला. दारापाशी पोहोचल्यावर मात्र तो वळून म्हणाला, “पण मॅडम, हे जातात कुठे?” मी म्हणाले, “सरकारकडे.” “ते झालंच की,” असे म्हणून तो हसला आणि यंत्रावर परत गेला.

मी खोटे काही सांगितले नव्हते. दर महिन्याला चलन मीच भरते, पावती छापून फाइलला लावते, लेखापरीक्षक आले की तीच फाइल त्यांच्यापुढे ठेवते. कोणाचे किती कापायचे हे मला तोंडपाठ आहे. पुरुषांचे साडेसात हजारांपर्यंत काही नाही, त्यापुढे दहा हजारांपर्यंत एकशे पंचाहत्तर, दहा हजारांच्या वर दोनशे. स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पूर्ण माफी आहे, त्यामुळे आमच्या पॅकिंग विभागातल्या बहुतेक जणींच्या पावतीवर त्या रकान्यात शून्य असते आणि त्यांनी मला फेब्रुवारीबद्दल कधी काही विचारलेले नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे हा कर एका माणसाकडून वर्षाला अडीच हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. १९८८ पर्यंत ही मर्यादा अडीचशे रुपयांची होती, त्या वर्षीच्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती दहापट झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. हे सारे ठाऊक असलेल्या बाईला त्या मुलाने विचारलेला साधा प्रश्न मात्र दिवसभर पुरला. संध्याकाळी रिक्षात तिघीजणी दाटीवाटीने बसून कोपरखैरणेकडे येताना, वसाहतीतल्या त्या ओळखीच्या आंबट रासायनिक वासातून जातानाही, तो डोक्यातून गेला नव्हता.

कारण या कराचे उत्तर एकेकाळी कायद्यातच लिहिलेले होते.

महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा १९७५ मध्ये केला आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये. दुसरा कायदा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढ माणसाला पंधरा दिवसांत काम द्यायचे, देता आले नाही तर दिवसाला निदान एक रुपया बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात बांधून घेतले होते. रोजगार हमी निधी नावाचा वेगळा निधीही त्यात होता. व्यवसाय कराचे उत्पन्न त्यात जायचे; मोटार वाहनांवरचा जादा कर, विक्रीकरावरचा अधिभार, बागायती जमिनीवरचा कर, शहरातल्या अनिवासी इमारतींवरचा कर हेही त्यातच जायचे; आणि या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच राज्य शासनाने आपल्या बाजूने घालायची होती. म्हणजे मुंबईतल्या फोर्टमध्ये किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पगार घेणाऱ्या माणसाचे काही रुपये माणदेशात किंवा मराठवाड्यात माती उपसणाऱ्या माणसाच्या मजुरीसाठी आहेत, हे कर घेण्याच्या वेळीच सांगून घेतलेले होते. शहरातल्या आमदारांनी त्यांच्या मतदारांच्या खिशातून हे पैसे काढायला मान्यता दिली, ही गोष्ट आज माझ्या कारखान्यात कोणाला सांगितली तर ती पटायला वेळ लागेल.

या योजनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने सभागृहात फारसे बोलायचे नसते, इतरांना बोलू द्यायचे असते, आणि तरीही राज्याच्या खर्चातली सर्वांत धाडसी कल्पना त्या खुर्चीतून आली याचे मला कौतुक वाटते. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये त्यांनी तिचा प्रयोग करून पाहिला होता. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि प्रयोगाचे रूपांतर गरजेत झाले. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती.

त्या पन्नास लाखांत माझी आजी होती.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. वडील तरुणपणीच मुंबईला आले, मशीद बंदरला माथाडी म्हणून लागले, आणि बाजार वाशीला हलल्यावर आम्ही कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत राहायला आलो. आजी अधूनमधून येऊन राहायची, पण इथे तिचा जीव रमत नसे. दुपारी पारसिकच्या डोंगरातल्या खाणींमधून सुरुंगांचे आवाज यायचे आणि खिडकीची तावदाने थरथरायची. आम्ही पोरे दचकायचो. आजी मात्र निवडत असलेल्या तांदळातून मान न काढता म्हणायची, “बार चांगला न्हाय बसला. खडी मोठी निघंल.” दगडाची तिची पारख बहात्तर साली झालेली होती. गावाबाहेर पाझर तलावाचे काम निघाले होते आणि शेजारी रस्त्यासाठी खडी फोडण्याचे. तिने दोन्हीकडे काम केले. डाव्या हातातल्या लोखंडी कडीत दगड धरायचा आणि उजव्या हातातल्या हातोडीने फोडायचा. फुटलेल्या खडीची मोजणी चौकटीने व्हायची, आणि ती चौकट मुकादम मुद्दाम हलवून भरतो असे तिचे म्हणणे होते. सुकडी, म्हणजे पौष्टिक पीठ, मिळायची, लाल मिलो ही परदेशी ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी धड थापल्या जात नसत. रोज किती मिळत असे, हा आकडा मात्र ती दर वेळी निराळा सांगायची. बहुधा दर वेळी निराळाच मिळत असावा.

तिच्या तोंडी या कामाबद्दल उपकाराचा सूर कधी नव्हता. माझ्या वडिलांनी एकदा जेवताना, त्या काळी सरकारने माणसे जगवली असे काहीतरी म्हटले, तेव्हा ती ताडकन म्हणाली होती, “सरकारनं दिलं न्हाय बाबा, आमी फोडून घेतलं.” वडील गप्प झाले. मला वाटते दोघेही बरोबर होते. मजुरी तिने फोडूनच घेतली होती, पण फोडायला दगड आणि मजुरीला पैसा कुठून येणार, हे कोणीतरी कुठेतरी बसून, भांडून ठरवलेले होते. त्या भांडणाचा आजीला पत्ता नव्हता, आणि भांडणाऱ्यांना आजीचा नव्हता, तरी मधली वाट उघडी होती.

या वाटेचे आता काय झाले आहे, ते पाहावे म्हणून मी गेली काही अधिवेशने विधानसभेचे थेट प्रक्षेपण अधूनमधून पाहते. पाहते म्हणजे इअरफोनची एक बाजू कानात घालून स्वयंपाक करते. बातम्यांत दिसते ती सभागृहातली घोषणाबाजी, पायऱ्यांवरचे फलक, एखाद्या मंत्र्याची कोटी. प्रत्यक्षात तासन्तास जे चालते ते फार संथ असते. अध्यक्षांच्या गैरहजेरीत खुर्चीत बसणारे तालिकेवरचे अध्यक्ष नाव पुकारतात, सन्माननीय सदस्य उठतात, आपल्या मतदारसंघातला अमुक पूल, तमुक ग्रामीण रुग्णालय, बंद पडलेली उपसा सिंचन योजना यांची यादी घाईघाईने वाचतात, घंटा वाजते, “एकच मिनिट, अध्यक्ष महोदय” म्हणत आणखी चार गावांची नावे घेतात आणि बसतात. मागची बाके बहुतेक रिकामी. रात्री उशिरापर्यंत बसलेल्या सभागृहात दहा-बारा माणसांसमोर कोणीतरी आपल्या तालुक्यातल्या शाळेच्या छपराबद्दल बोलत असतो. सुरुवातीला मला याचे हसू यायचे. पुढे लक्षात आले की एवढ्या मोठ्या आकड्यांच्या कागदात त्या छपराचे नाव उच्चारले जाण्याची तेवढी एकच जागा आहे. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेल्या गणपतराव देशमुखांसारख्या माणसांनी दुष्काळी टापूचे पाणी आणि रोजगार हमी यांवर आयुष्यभर बोलत राहणे यालाच कामकाज मानले होते.

अर्थसंकल्प मांडला जातो त्या दिवशी सगळ्यांचे लक्ष भाषणाकडे असते. काय स्वस्त, काय महाग, कोणासाठी नवी योजना. खरी गोष्ट पुढच्या दिवसांत घडते, जेव्हा खातेनिहाय अनुदानाच्या मागण्या, म्हणजे एकेका खात्याच्या खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, येतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभेला मागणी मंजूर करता येते, नाकारता येते किंवा कमी करता येते. वाढवता मात्र येत नाही. कर्जावरचे व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन असा काही खर्च भारित असतो, त्यावर चर्चा होऊ शकते पण मत घेतले जात नाही. उरलेल्या खर्चातल्या किती मागण्यांवर बोलणे होते ते मात्र वेळेवर अवलंबून. ठरवून दिलेले दिवस संपले की राहिलेल्या साऱ्या मागण्या चर्चेवाचून मतास टाकल्या जातात. याला गिलोटिन म्हणतात. मूळचा अर्थ मान कापण्याचे यंत्र, पण तो शब्द सभागृहात कोणाला फारसा टोचत नाही. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, मागणी मंजूर झाली. माझी कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत काही हजार कोटी रुपये मार्गी लागलेले असतात. वर्षाच्या मधल्या अधिवेशनांत वाढीव खर्चाच्या पुरवणी मागण्या येतात, त्यांच्या रकमाही आता अशा असतात की मूळ अर्थसंकल्प मार्चमध्ये नेमका कशासाठी मांडला होता असा प्रश्न हिशोबाचे काम करणाऱ्या कोणालाही पडेल.

या साऱ्या पद्धतीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र अगदी किरकोळ दिसणारी आहे. मागणीवर सदस्याला कपात सूचना देता येते. धोरणच मान्य नसेल तर संसदेत मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना देतात. पण एखादी नेमकी तक्रार मांडायची असेल, सरकारच्या जबाबदारीतले एखादे विशिष्ट काम झालेले नसेल, तर मागणीतून शंभर रुपये कमी करावेत अशी सूचना देण्याची प्रथा आहे. तिला लाक्षणिक कपात म्हणतात. हजारो कोटींतून शंभर रुपये कमी झाल्याने कोणाचे काही अडणार नसते, सूचना बहुधा मागेही घेतली जाते. तिचा उपयोग एवढाच, की त्या शंभर रुपयांच्या निमित्ताने मंत्र्याला उभे राहून त्या कामाविषयी उत्तर द्यावे लागते. हे वाचले तेव्हा मला आमच्या सीएनसीवरच्या मुलाची आठवण आली आणि मी एकटीच हसले. शंभर रुपये परत मिळणार नाहीत हे त्याला कळले होते, तो हिशोबही त्याने मान्य केला होता. त्याला फक्त उत्तर हवे होते, आणि खात्याच्या वतीने उत्तर द्यायला समोर मी होते.

कर कोणत्या कामासाठी घेतला ते सांगता आले पाहिजे, हे माझे म्हणणे आमच्या घरी मात्र कोणी ऐकून घेत नाही. यजमान सहकारी बँकेत होते, आता निवृत्त आहेत. त्यांच्या मते विशिष्ट करातून विशिष्ट काम ही भाबडी कल्पना आहे. सोसायटीच्या टाकीत महापालिकेचे पाणी येवो की टँकरचे, नळाला येणाऱ्या पाण्यावर कोणाचे नाव नसते, तसे राज्याच्या एकत्रित निधीत आलेल्या पैशावर नसते, असे ते म्हणतात, आणि हिशोबाच्या दृष्टीने ते खरे आहे. आणखी एक बाजू तर मलाही नाकारता येत नाही. रोजगार हमीच्या नावाने कर गोळा होत राहिला म्हणून कामे निघत राहिली असे झाले नाही. हजेरीपटावरची खोटी नावे, कागदावरचे बंधारे, वर्षानुवर्षे अर्धवट राहिलेले रस्ते हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळते. आमच्याच गावात मेलेल्या माणसाने दोन पंधरवडे माती उपसल्याची गोष्ट लोक चवीने सांगतात. नाव लिहिलेला पैसाही नाहीसा होतो. मग नाव असण्या-नसण्याचे मला एवढे काय पडले आहे?

मला वाटते, चोरी झाली तर कोणाची झाली हे सांगता यावे एवढ्यासाठी. त्या निधीवर विचारणा करायला विधिमंडळाची खास रोजगार हमी योजना समिती होती, आजही आहे. ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरते, कामे पाहते, अधिकाऱ्यांची साक्ष घेते. लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात. ते बहुतेक वेळा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी ठेवले जातात, आणि तोवर सगळ्यांना घरी जायची घाई झालेली असते, हा भाग वेगळा. यजमान यावर म्हणतात की तू पगारातून कापून घेतेस, त्यामुळे तुला अपराधी वाटते. असेलही. पण मला त्यात अपराधापेक्षा हेवा जास्त दिसतो. माझ्या वडिलांच्या पिढीला पावतीवरच्या त्या कपातीचा अर्थ ठाऊक असण्याची निदान शक्यता होती.

आमच्या शहरात तर मधली काही वर्षे विचारायला जागाच नव्हती. नवी मुंबई महापालिकेच्या १११ नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर प्रशासक आले. एरवी आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, स्थायी समिती त्यावर बसते, मग ते महासभेपुढे येते, तिथे नगरसेवक आपापल्या प्रभागातल्या गटारापासून उद्यानापर्यंत ओरडून ओरडून तरतुदी वाढवून घेतात किंवा निदान तसे दाखवतात. प्रशासकीय राजवटीत आयुक्त हेच प्रशासक असल्यामुळे अंदाजपत्रक मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच झाला. बेलापूरच्या त्या भव्य मुख्यालयात दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हा सोहळा शांतपणे होत राहिला. आकडे वर्तमानपत्रांत नीट छापून येत, चौकटीही सुबक असत. काम थांबले असे कोणी म्हणू शकत नाही. मोरबे धरणाचे पाणी येत होते, कचरा उचलला जात होता. खरे सांगायचे तर नगरसेवक असतानापेक्षा काही गोष्टी झटपट होत होत्या आणि आमच्या सोसायटीतले कित्येक जण हे असेच बरे असे उघड म्हणत. मलाही महासभेतली ती हमरीतुमरी आठवून ते पटायचे. पण आमच्या सेक्टरमधल्या नाल्यालगतच्या भिंतीसाठी तरतूद होती की नव्हती, असली तर ती कुठे वळवली, हे विचारायला गेल्यावर खिडकीमागच्या बाईंनी अर्ज आवक विभागात द्यायला सांगितले, तेव्हा त्या हमरीतुमरीची किंमत कळली. सभागृहात नगरसेवक खोटे बोलला असता तरी ते इतिवृत्तात आले असते.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. वसाहतीतल्या शाळेत रांगेत माझ्यापुढे एक मुलगी होती, वयाने पंचविशीच्या घरातली. महापालिकेला ती पहिल्यांदाच मत देत होती, कारण तिला मतदानाचा हक्क मिळाल्यापासून इथे महापालिकेची निवडणूकच झाली नव्हती.

दरम्यान रोजगार हमीचे मूळच हलले आहे. २००५ मध्ये केंद्राने महाराष्ट्राच्या धर्तीवर कायदा केला, तेव्हा अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राने उचलला आणि आपल्याकडे राज्याचा निधी मुख्यतः शंभर दिवसांपुढच्या कामांपुरता उरला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. विधेयकाच्या प्रती फाडल्या गेल्या, मध्यरात्र उलटेपर्यंत राज्यसभा बसली. बाहेर वाद झाला तो बहुतेक योजनेच्या नावातून गांधीजींना काढण्यावर. तो महत्त्वाचा नाही असे मी म्हणणार नाही, पण माझे लक्ष गेले ते हिशोबाच्या ओळीकडे. दिवस शंभरावरून एकशे पंचवीस झाले आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांनी खर्चाचे चाळीस टक्के उचलायचे ठरले. म्हणजे राज्याला पुन्हा आपल्या खिशात हात घालायचा आहे. तो पैसा कोणत्या मागणीखाली येणार, कोणत्या खात्याच्या पोटातून निघणार, कमी पडला तर दिवस घटणार की मजुरी रखडणार, याबद्दल मुंबईत सविस्तर बोलले गेले पाहिजे. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी या कामावरची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. माझ्या टेबलावरून एका माणसाचे वर्षाला अडीच हजार जातात, त्यातून साधारण आठ दिवसांची मजुरी निघते.

सकाळी कोपरखैरणेच्या नाक्यावर हाताला काम शोधणारी माणसे उभी असतात. घमेले, थापी, रंगाचे ब्रश पायाशी ठेवून, ठेकेदाराचा टेम्पो थांबला की त्याच्याकडे धावणारी. बहुतेक मराठवाड्यातली, विदर्भातलीही. घराच्या डागडुजीसाठी मागे एक जोडपे आणले होते, जिंतूरकडचे. बाई सिमेंट कालवताना एका लयीत फावडे मारत होती. चहा देताना मी तिला गावाकडच्या रोजगार हमीच्या कामाचे विचारले. ती म्हणाली, “कारड हाय की ताई. समद्याचं हाय. काम निघत न्हाई, निघालं तर मोबाइलात फोटु निघत न्हाई, आन् फोटु निघाला तर पैसे कवा येतील ते त्यो बँकवाला बी सांगत न्हाई.” मग कप विसळून ठेवत म्हणाली, “इथं कसं, संध्याकाळी हातात पडत्यात.” हजेरीचे फोटो काढणारी ती सक्तीची प्रणाली खोटी नावे पकडण्यासाठीच आणलेली आहे, हे मला ठाऊक होते. आमच्या गावातल्या त्या मेलेल्या मजुराला तिने पकडले असतेच. ती बाईलाही पकडत होती.

होळीच्या सुमारास गावाहून चुलतभावाचा फोन आला. आजीने ज्यावर काम केले तो पाझर तलाव गाळाने निम्म्याहून जास्त भरला आहे. गेल्या पावसाळ्यात सांडव्याच्या कडेने भगदाडही पडले. ग्रामसभेने ठराव केला, अभियंता येऊन टेप लावून गेला, अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यताही मिळाली आहे म्हणे, प्रशासकीय मान्यता अडली आहे. गाळ काढायला यंत्राचे पैसे मिळाले तरी तो शेतात वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्यांनी करायचा आहे, आणि त्यावरून गावात दोन तट पडले आहेत. “तू हिशोबातली हायस,” तो म्हणाला, “सरकारच्या बजेटात आपला तलाव कंच्या पानावर आसतो, ते सांग. आमदाराला दावायला बरं.” राज्याच्या अर्थसंकल्पात जिल्हा वार्षिक योजनेची एकत्रित रक्कम असते, तिथे तलावाचे नाव मिळणार नाही, असे मी त्याला सांगितले. जिल्हा नियोजन समितीने मंजूर केलेल्या कामांची यादी मागव, मृद व जलसंधारणाच्या तरतुदीतून त्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला तो आकडा माग, आणि तोंडी विचारू नकोस, लेखी दे. त्याने बायकोला हाक मारून वही-पेन आणवले. मी पहिल्यापासून सावकाश सांगायला लागले, तर तो म्हणाला, “थांब, आदुगर आपल्या तलावाचा नंबर लिहून घेतो, त्यो दगडावर कोरलाय,” आणि फोन तसाच चालू ठेवून मोटारसायकल काढायला गेला.